लाखीसाठी स्थळ

"मामा, कुत्रं घ्यायचंय. कोणतं घेऊ?" असं कुणी विचारलं की मुंजाबा मामा कुत्र्याचं नावच काढायचा नाही. उलट विचारायचा, "दिवसा घरी कोण असतं?"

विचारणारा तिथंच गडबडायचा. तो बिचारा मोबाईलवर चार व्हिडिओ बघून आलेला असायचा. लॅब्राडोर शांत, जर्मन शेफर्ड हुशार, पामेरियनला जागा कमी लागते, एवढं त्याचं पाठ झालेलं असायचं. आणि हा म्हातारा पेपर उलटीकडून सोडवायला लावायचा.

"दिवसा कोणी नसतं मामा. मी कंपनीत, मंडळी कंपनीत, पोरं शाळेत."

"मंग कुत्रं कशाला? कुलूप घे की चांगलं."

आमच्या बजाजनगरात मामानं अशी पाच-सहा घरं कुलपावर भागवली. कुत्रं एकालाही मिळवून दिलं नाही. तरी लोक विचारायला यायचे, कारण कुत्र्यातलं कळणारा म्हणून आख्ख्या सोसायटीत त्याचंच नाव. दुसरं काही त्याला कळतं असं कुणाला वाटत नव्हतं. गॅसचं बटण कुणीकडं फिरवायचं तेसुद्धा सून त्याला दर वेळी नव्यानं दाखवायची.

मामा कन्नडकडचा धनगर. सगळी हयात मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली गोदाकाठाला, मिरग जवळ आला की परत डोंगराला. गुडघे गेले तेव्हा कळप चुलतभावाच्या हवाली केला आणि तो पोराकडं, अजिनाथकडं राहायला आला. अजिनाथ माझ्याच कंपनीत, माझ्याच शिफ्टला, आणि राहायला माझ्या समोरच्या दारात, दुसऱ्या मजल्यावर. मामासोबत सामान तीन नग. एक घोंगडं, एक काठी आणि लाखी.

खरं तर ही कुत्री तो आणणार नव्हता. कळपासोबतच दिली होती. चौथ्या दिवशी चुलतभावाचा फोन आला, की आमच्या कुत्र्यांनी तिला धरलं, घेऊन जा, नायतर राहणार नाही. मामा एसटीनं गेला आणि टेम्पोत बसवून घेऊन आला. तेव्हापासून लाखीच्या डाव्या कानाची पाळी अर्धीच आहे. सोसायटीतल्या पोरांना वाटायचं, लांडग्यानं नेली. मामा पोरांना तसंच सांगायचा. लांडगा म्हटलं की मान राहतो, भाऊबंद म्हटलं की जातो.

लाखी लाखेच्या रंगाची, उंच, बरगड्या दिसणारी, आणि चेहरा असा की कायम कुणाचा तरी राग आलाय. तिची जात कोणती असं विचारलं की मामा म्हणायचा, "आमच्यातलीच हाय."

पिल्लू कसं निवडायचं ते त्यानं मला एकदा सांगितलं होतं. पिल्लं दीड महिन्याची झाली की उघड्यावर सोडायची, आणि हाक न मारता आपण चालू लागायचं. पायात घुटमळत मागं येतं ते पोरांना खेळायला बरं. जागेवर बसून रडतं ते कुणाच्याच कामाचं नाही. आणि एखादं असतं, जे मेंढरांकडं जातं, त्यांच्याकडं पाठ करतं आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून बसतं. ते आपलं.

"ही अशी बसली होती बघ," मामा सांगायचा. "मी टेकाडामागं गेलो, पार दिसेनासा झालो. हिनं वळून बघितलं नाय."

हे तो अशा थाटात सांगायचा, जसा आमच्या गावचा हेडमास्तर बोर्डात आलेल्या पोराचं सांगतो.

आता अशी हुशार कुत्री बजाजनगरात आली. बजाजनगर म्हणजे तीन शिफ्टांचं गाव. इथं कळप कधीच एका वेळी वाड्यात नसतो. लाखीला आपलं एकच ठाऊक. दिवस मावळला की सगळ्यांनी आत यायचं आणि आल्यावर कुणी बाहेर जायचं नाही. पंधरा दिवसांत तिनं आमची सोसायटी आपली म्हणून धरली. संध्याकाळी गेटात आडवी बसायची. आत येणाऱ्याला काही नाही. बाहेर निघणाऱ्याची मात्र पँट धरायची. चावायची नाही, नुसती धरायची आणि मागं ओढायची. जेवण करून पान खायला निघालेली माणसं परत घरी जाऊन बसू लागली. काही बायका मनातून खूश होत्या, पण उघड कोण बोलणार?

एक दिवस तिनं चेअरमन कारभारी भाऊंची पँट धरली. पँट लग्नाला जायची होती.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला आणि कारभारी भाऊ स्वतः जिना चढून वर आले. "मुंजाबा, तुमचा मान हाय म्हणून महिना देतो. नायतर पालिकेच्या गाडीला फोन लावणार व्हतो."

"ती काय चावली का तुम्हाला?"

"चावली असती तर परवडलं असतं हो. माणसात लाज गेली माझी. कुत्री माणसाला हाकलायलीय मेंढरासारखी!"

मामा म्हणाला, "मग आत जायचं ना गुमान."

अजिनाथनं बापाकडं असं बघितलं की बस. हप्त्यावर घेतलेलं घर, त्यात बापानं चेअरमनशी भांडण घेतलेलं. कारभारी भाऊ गेल्यावर तो म्हणाला, "आबा, मला इथं राहायचंय. तुमाला पण इथंच राहायचंय. तिचं काहीतरी बघा."

"बघतो," मामा म्हणाला.

आणि मग मामा बघायला लागला, ते पोरीला स्थळ बघतात तसं.

मी सुचवलेली चार घरं त्यानं नापास केली. एकाचं अंगण चांगलं, पण बाई हाक मारताना ओरडते. दुसऱ्याकडं सगळं ठीक, पण तो कुत्र्याला साखळीनं बांधणार. तिसरा म्हणाला, किती घेणार? मामानं त्याला दारातूनच परत पाठवलं. कुत्रं विकायचं नसतं असा दस्तूर. चौथ्याचं काय खटकलं ते त्यानं मला सांगितलंच नाही. नुसता "माणूस हलका हाय" म्हणाला. महिन्यातले अठरा दिवस गेले होते.

तेव्हा मला गोकुळभाऊ आठवले.

गोकुळभाऊ आमचे सुपरवायझर. घर चिकलठाण्याला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बापाच्या शेतात प्लॉटिंग झालं, त्यातल्याच कोपऱ्यावर त्यांनी बंगला बांधलेला. कॉलनीत दोन चोऱ्या झाल्या होत्या, म्हणून कुत्रं घ्यायचं चाललं होतं. त्यांच्या मिसेस सोनियाताईंनी जातींचा तक्ता केला होता. स्वभाव, केस, खर्च, लहान मुलांशी वागणूक, प्रत्येकाला दहापैकी मार्क. जेवणाच्या सुट्टीत भाऊ तो तक्ता मोबाईलवर आम्हाला दाखवायचे. लॅब्राडोर पहिला आलेला होता, पण चोराला तो शेपूट हलवतो या विषयात त्याला शून्य होतं. म्हणून निकाल अडला होता.

मी म्हणालो, "भाऊ, एक जाणकार माणूस आहे आमच्याकडं. त्याला आणू का?"

सुट्टीच्या दिवशी मामाला गाडीवर बसवून चिकलठाण्याला नेलं. आख्खं शहर ओलांडेपर्यंत तो माझ्या खांद्याला धरून गप्प होता. बंगल्याच्या गेटावर पाटी होती, 'कुत्र्यापासून सावध रहा'. मामाला वाचता येत नाही. मी वाचून दाखवली.

"हाय का मग कुत्रं?"

"नाही. आधी पाटी आणली."

"बरंय," मामा म्हणाला. "अर्धं काम झालं यांचं."

आत सगळीकडं पांढरी फरशी, चालताना मामाची काठी घसरत होती. सोनियाताईंनी चहा-बिस्किटं आणली. त्यांची नऊ वर्षांची सायली 'गोल्डन किंवा लॅब, तिसरं काही नको' असं जाहीर करून आत निघून गेली. मामानं चहा बशीत ओतला आणि नेहमीचा प्रश्न टाकला.

"दिवसा घरी कोण असतं?"

"आई असतात ना," सोनियाताई म्हणाल्या.

आई, म्हणजे गोकुळभाऊंच्या आई वच्छलाबाई, मी त्यांना मावशी म्हणतो, मागच्या ओट्यावर चवळी निवडत बसल्या होत्या. मामा बशी तशीच ठेवून तिकडं गेला. मीही बिस्किट खात मागोमाग गेलो.

मावशीनं वर बघितलं. काठी बघितली, खांद्यावरचं घोंगडं बघितलं. "कुठली मेंढरं?"

"कन्नडची. पण आता नाय. आता पोराकडं असतो."

"आमच्या इथं बसायची कन्नडची मेंढरं. दर साली. ह्या इथंच," मावशीनं हातानं फरशी दाखवली, "इथं हौदापाशी तळ पडायचा. सासरे म्हणायचे, मेंढरं बसली की त्या साली खत बघायला नको. मी तीस-तीस भाकरी थापायची तळावरच्या माणसांना."

"कुत्र्याला?"

"कुत्र्याला नाय का मग! कुत्र्याची आधी. ते जेवल्याबिगर तुमची माणसं कुठं बसायची जेवायला?"

मामा ओट्यावर बसला. त्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. पुढं अर्धा तास दोघं मेंढरांचं बोलत होती, आणि गोकुळभाऊ दारात तक्ता घेऊन उभे होते.

शेवटी मामाच म्हणाला, "दुसरीकडचं कशाला बघता? माझी एक हाय. पाच वर्षांची. राखणीला चोख. विकायची नाय, द्यायचीय."

सोनियाताई म्हणाल्या, "पण ब्रीड कोणती?"

"आमच्यातलीच."

मावशी आजवर त्या घरात कशाबद्दल काही बोलली असेल असं वाटत नाही. चवळीचं ताट बाजूला ठेवून ती म्हणाली, "गोकुळ, घ्यायचं तर हेच घ्यायचं."

भाऊ बायकोकडं बघायला लागले. सोनियाताई म्हणाल्या, "ठीक आहे, ट्राय करून बघू." सोफा घेतात तशी लाखी ट्रायलवर ठरली.

परत येताना मामा आख्खा रस्ता बोलत होता. "घर मिळालं भाचे. त्या घरात माणूस हाय."

माझं एक चुकलं. गोकुळभाऊंचे थोरले भाऊ उस्मानपुऱ्यात राहतात, आणि आई दोघांत चार-चार महिने पाळीनं असते, हे मला माहीत होतं. गेल्याच साली तिची पिशवी मीच गाडीवर उस्मानपुऱ्याला पोचवली होती. मामानं विचारलं होतं, 'दिवसा घरी कोण असतं?' उत्तर आलं, 'आई असतात'. उत्तर खरं होतं. किती दिवस, हे त्यानं विचारलं नाही, आणि तोंडात बिस्किट असल्यानं मी सांगितलं नाही. ज्या माणसानं चार घरं बारीकसारीक खोटीवरून मोडली, त्याला म्हातारी आई म्हणजे घराचा खांब वाटली. पाळीनं हलतो तो खांब, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

महिना भरायला दोन दिवस होते तेव्हा मावशी गोकुळभाऊंच्या कारमधून बजाजनगरला आली. दस्तूर असा, की नेणाऱ्यानं आपल्या घरची भाकरी कुत्र्याच्या जागेवर येऊन आपल्या हातानं घालायची. ज्याच्या हातची भाकरी त्याचं घर.

"चूल नाय राहिली आमच्यात," मावशी म्हणाली. "गॅसवरची हाय. चालतीय का?"

"हात तुमचाच ना? चालतीय."

ज्वारीची भाकरी, फडक्यात बांधलेली, अजून वाफ धरून होती. लाखी गेटात आडवी. मावशीनं बसकण मारली आणि तुकडा पुढं केला. लाखीनं आधी हात हुंगला, मग मामाकडं बघितलं. मामानं मान फिरवली. बऱ्याच वेळानं तिनं तुकडा घेतला, मग दुसरा. पाचव्या तुकड्याला तिनं मावशीचं मनगट चाटलं. वरच्या गॅलरीतून बघणाऱ्या कारभारी भाऊंनी सुद्धा मोबाईल खिशात ठेवला.

मामानं लाखीच्या गळ्यातला लोकरीचा काळा दोरा काढला. "आता मी जातो," तो मावशीला म्हणाला. "आता मला तिला तोंड दाखवता यायचं नाय."

"कधीच?"

"कधीच. देणारा दिसला की ते नवं घर धरत नाय. माग काढत येतं. मधल्यामधी मरतं."

आणि तो जिना चढून वर गेला. गुडघ्यांमुळं एरवी त्याला दोन मजल्यांना चार ठिकाणी थांबावं लागायचं. त्या दिवशी थांबला नाही.

महिनाभर चिकलठाण्याहून चांगल्या बातम्या आल्या. लाखी मावशीमागं फिरते. मावशी ओट्यावर बसली की लाखी तिच्याकडं पाठ करून गेटाकडं तोंड. कुरियरवाला पार्सल कंपाऊंडवरून फेकून जातो. गोकुळभाऊ जेवणाच्या सुट्टीत सांगायचे आणि मी घरी येऊन मामाला सांगायचो. मामा विचारायचा, "पाठ कुणाकडं करती?" मी म्हणायचो, "मावशीकडं." तो मान हलवायचा. चुलीवर उतू जाणारं दूध वेळेवर उतरवल्यासारखा चेहरा करायचा.

मग जूनअखेरीला मावशीची पाळी संपली. थोरला येऊन तिला पिशवीसकट उस्मानपुऱ्याला घेऊन गेला. लाखी कारमागं हमरस्त्यापर्यंत पळाली आणि परत येऊन गेटात बसली.

मामाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारीला पाळी लावली व्हय रे?"

"सगळीकडं तसंच असतं मामा."

"दिवाळीला येईल ना परत?"

"दिवाळीला येईल. चार महिन्यांचा करार आहे."

"मग चार महिने काढले पाहिजेत," मामा म्हणाला. कुणी काढायचे ते बोलला नाही.

लाखी दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईना. खाली ठेवून माणूस निघून गेला तर खायची. एवढं चाललं असतं. पण आजी गेली म्हणून सायली रडते, म्हणून जुलैत तिच्यासाठी लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. तक्त्यातला पहिला नंबर. नाव ब्रुनो. पांढऱ्या फरशीवर ते चारी पाय पसरून पडायचं आणि घरातली सगळी मोबाईल घेऊन धावायची.

लाखीला काय वाटलं असेल? वाटलं असेल, की शेवटी या माणसांनी एक कोकरू आणलं. ते अंगणात आलं की ती त्याच्याकडं पाठ करून बसायची आणि कुणालाही जवळ येऊ द्यायची नाही. मोलकरणीला नाही, डॉक्टरला नाही. एका सकाळी सोनियाताई ब्रुनोला उचलायला गेल्या तर तिनं त्यांचा गाऊन धरला आणि मागं ओढलं.

त्या दिवशी लाखी गेटाबाहेर गेली. पाटी गेटावर राहिली, कुत्री बाहेर.

गोकुळभाऊ मला म्हणाले, "तुझ्या मामाला सांग, घेऊन जा. ट्रायल फेल झाली."

मी मामाला सांगितलं. मामानं अजिनाथकडं बघितलं. अजिनाथनं खाली बघितलं. सुनेनं ताट वाढता वाढता विचारलं, "भाजी अजून घालू का आबा?" एवढ्यात सगळं बोलून झालं. चुलतभावाकडं नेण्याचा सवालच नव्हता, त्याच्या कुत्र्यांनी तिचा अर्धा कान आधीच ठेवून घेतला होता.

"ती कुठं बसती म्हणालास?"

"गेटाबाहेर. गेटाला पाठ लावून."

"म्हणजे घर सोडलं नाय तिनं," मामा म्हणाला. "म्हातारी येईपर्यंत टिकली पाहिजे. आली की ती घेईल आत."

"जाऊन बघायचं का?"

"तोंड दाखवायचं नाय."

"मग?"

त्यानं कोपऱ्यात ठेवलेल्या माझ्या हेल्मेटकडं बोट दाखवलं.

ऑगस्टपासून आम्ही दर सुट्टीला चिकलठाण्याला जायचो. बंगल्यासमोर रस्ता, रस्त्यापलीकडं चहाची टपरी. टपरीवाल्या संघपालनं पहिल्या दिवशी विचारलं, "चाचा, हेल्मेट काढून तरी चहा घ्या." मामा म्हणाला, "डोक्याला लागलंय." पुढच्या आठवड्यापासून संघपाल त्याचा चहा बशीतच द्यायला लागला, म्हणजे काचेखालून पिता यावा. बसण्याआधी मामा खालची चिमूटभर माती उचलायचा आणि बोटांतून सोडून बघायचा. वारं आपल्याकडून तिच्याकडं असलं तर टपरीच्या मागं बसायचं. तिच्याकडून आपल्याकडं असलं तर पुढच्या बाकावर. लांडगा असाच येतो, असं त्यानं मला सांगितलं. आयुष्यभर लांडग्याकडून शिकलेली विद्या त्याला आता उपयोगाला आली.

लाखी तिथं असायची. आठवड्यागणिक बारीक होत चालली होती. रस्त्याकडं तोंड, बंद गेटाला पाठ. आतून ब्रुनोचा आवाज आला की तिचा दीड कान मागं वळायचा, पण तोंड वळायचं नाही. संघपाल दुपारी टोस्टचा चुरा टाकून बाजूला व्हायचा, मग ती खायची. मामा म्हणायचा, "सप्टेंबर गेला. आता एक महिना." पुढच्या वेळी म्हणायचा, "आता तीन आठवडे." एकदा तर बशी खाली ठेवून म्हणाला, "म्हातारी आली की पहिल्या दिवशी हिला दूध-भाकरी लागंल. एकदम जास्त घालू नको म्हणावं. तू सांग हां तिला."

"सांगतो."

दिवाळी बारा दिवसांवर होती. आमच्या चिकलठाण्याच्या फेरीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गोकुळभाऊंना सहज विचारलं, "आई कधी येणार?"

"आईचं आता दादाकडंच ठरलं," भाऊ डबा बंद करत म्हणाले. "तिचा दमा वाढलाय ना. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याचे केस अजिबात नकोत. आणि सायली तर ब्रुनोशिवाय झोपत नाही. तक्त्यात केसांना आम्ही मार्क कमी दिले होते रे, तिथं चुकलं." आणि वर म्हणाले, "दादाकडं बरंय तिला. तिसऱ्या मजल्यावर हवा येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा हेल्मेट घेऊन माझ्या दारात उभा. मी काही बोललो नाही. गाडीवर बोललो नाही. टपरीवर चहा आला, मामानं माती सोडून बघितली. वारं तिच्याकडून आपल्याकडं होतं. पुढच्या बाकावर बसलो.

"दोन आठवडे पण नाय राहिले," मामा म्हणाला.

तेव्हा मी सांगितलं. जसं भाऊंनी सांगितलं तसंच, दम्यासकट, हवेसकट.

मामा हेल्मेटच्या आत होता. काचेत मला फक्त समोरचं गेट दिसत होतं, आणि गेटापुढं लाखेच्या रंगाचा एक ठिपका.

बऱ्याच वेळानं त्यानं हेल्मेट काढलं. बाकावर ठेवलं. उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, उघड्या तोंडानं. काठीवर दोन्ही हात.

"मामा, अहो दस्तूर..."

"कसला दस्तूर आता."

लाखीनं मान वर केली. कान ताठ झाले, जेवढे होते तेवढे. मधून एक टँकर गेला, दोन रिक्षा गेल्या. ती उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ही रस्ता ओलांडणार आणि चाकाखाली जाणार. मी मामाचा दंड धरला. मामानं हाक मारली नाही. नुसता उभा होता, जसा पिल्लं सोडून उभा राहत असेल.

तिनं त्याला नीट बघितलं. ओळखलं, यात शंका नाही. तिची शेपूट एकदा, एकदाच, हलली. मग ती फिरली, गेटाजवळ गेली, गेटाला पाठ लावली आणि परत रस्त्याकडं तोंड करून खाली बसली.

मामा परत आला. बाकावर टेकला. संघपालनं विचारलं, "डोकं बरं झालं का चाचा?" त्यालाही त्यानं मान डोलावली.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. "जागची हलली नाय. निवडताना चुकलो नव्हतो मी."

"बोलवायचं होतं एकदा."

"बोलवून कुठं नेणार व्हतो?"

चहा तसाच राहिला. मी गाडी काढली. मामानं हेल्मेट घातलं नाही, हातात धरून बसला, आणि उस्मानपुऱ्यावरून जाताना एकदाच म्हणाला, "म्हातारीला सांगू नको, ती बसलीय म्हणून."

त्यानंतर आम्ही गेलो नाही. संघपालचा नंबर माझ्याकडं आहे. मी फोन करत नाही.

परवा खालच्या मजल्यावरचा एक जण जिन्यात मामाला भेटला. नवीन लग्न झालंय, बायकोची हौस आहे. "मामा, तुम्हाला कळतं म्हणतात. घरी कुत्रं आणायचंय, कोणतं आणू?"

मी कान टवकारले. म्हटलं, आता विचारेल.

मामा कठड्याला धरून पायरी चढला, दम खाल्ला.

"लॅब्राडोर आण," म्हणाला, आणि पुढची पायरी चढला.